चापेक, र नसलेला

बाटलीवर देवाजीने चिठ्ठी डकवली होती,
पट्टीने रेघ मारून, जाड अक्षरात: चापेकर.
म्हटलं, देवाजी, र नाही त्यात. नुसतं चापेक.
"काऊन? त्या मानसाले गाव नाही का?"

तीस ग्रॅम साखर. तीन ग्रॅम सोडियम नायट्रेट.
लोह इतकं चिमूटभर की काट्यालाही शंका यावी.
पंधरा ग्रॅम आगर, लिटरभर पाणी.
मांसाचा अर्क नाही, यीस्ट नाही, काही नाही.
"उपासाचं दिसते," देवाजी म्हणायचा,
"तुमच्या बुरशीची एकादस हाय आज."

बुरशीला चालायचं.
कळमन्याच्या ढिगातून मी आणायची संत्री,
देठाशी मऊ पडलेली, कुणी न घेतलेली,
आणि त्यांच्यावरची हिरवी भुकटी
तापवून गार केलेल्या सुईने उचलून
त्या उपासाच्या ताटात ठेवायची.
चौथ्या दिवशी मखमल.
देवाजी काच न उघडता बघायचा,
सोयरिकीला आलेल्या पोरीकडे बघावं तसं, जरा लांबून.

नवतप्यात एकदा वीज गेली ती गेलीच.
आगर चाळिशीच्या खाली आल्याशिवाय जमत नाही,
आणि अमरावती रोडवरची ती खोली चव्वेचाळीसवर.
ओतलेल्या बश्या तशाच, चहासारख्या हलत्या.
मी पंख्याकडे बघत बसले.
देवाजीने माठ उचलून बाजूला केला,
माठाखालच्या ओल्या वाळूवर एकेक बशी मांडली,
वर धुतलेलं फडकं.
शास्त्रात बसत नाही हे.
पण आगर बसलं.

त्या दुपारी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं,
म्हणून सांगत गेले: हा चापेक प्रागचा,
झाडांचं पोट कसं चालतं ते शोधणारा.
त्यांच्याकडे सी अक्षराच्या डोक्यावर
एक उलटी टोपी असते, मग त्याचा च होतो.
याच आडनावाचा एक घड्याळं करायचा, परमुलखात.
आणखी दोघं भाऊ होते,
त्यांनी जगाला रोबो हा शब्द दिला.
"सिनेमातला? लोखंडाचा?"
तोच. त्यांच्या भाषेत मूळ अर्थ वेठ.
मालकाच्या शेतात फुकट राबायचं, ती.

देवाजी उईके गप्प झाला.
बोटाने फडक्याचं टोक ओलं करत राहिला.
मग म्हणाला, "माहा आजा पेंचकडं
जंगलखात्याची बेगार करे.
सायबाचा तंबू, सायबाची खाट, सायबाचा कुत्रा बी डोक्यावर.
तवा असा शब्द कोनी देल्ला नाही त्याले."
आणि उठून ऑटोक्लेव्हची वादी तपासायला गेला,
वीज नव्हती तरी.

सोळा वर्षं तो रोजंदारीवर होता.
हे मला तेव्हा माहीत होतं
आणि तेव्हा मी त्याचा विचार केला नव्हता.

ठेका बदलला. नव्या ठेकेदाराच्या यादीत
उईके नव्हता. कुणी काढला नाही त्याला,
नाव लिहायचंच राहिलं, म्हणाले.
आता माध्यम डब्यात तयार येतं,
पन्नास ग्रॅम घ्या, ढवळा, उकळा.
साखर वेगळी मोजावी लागत नाही,
एकादशी कुणाची हे विचारणारं कुणी नाही.
संत्री मात्र तशीच सडतात, देठापासून.

परवा तपासणीला समिती आली.
एकाने कपाटातली जुनी बाटली काढली,
चष्मा वर करून चिठ्ठी वाचली,
कोपरे सुटलेली, शाई तपकिरी पडलेली.
"हे चापेकर कोण? तुमच्या विभागातले?"

हो, म्हटलं.
सध्या रजेवर आहेत.